एव्होरा : लिस्बनपासून दीड तासावरच्या शहरात एका मुक्कामाची भेट कशी आखावी

पोर्तुगालला जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांच्या कार्यक्रमात एव्होराचे नाव ‘लिस्बनहून एका दिवसात’ या सदरात येते आणि नियोजन तिथेच फसते. सकाळी निघालेली सहलीची बस साधारण साडेदहा-अकराला पोहोचते, उतारू एकाच वेळी हाडांच्या चॅपेलसमोर रांगेत उभे राहतात, भर दुपारच्या उन्हात रोमन मंदिराभोवती फेरी होते आणि चार-साडेचारला परतीची वेळ येते. शहराबाहेर कॉर्कच्या झाडांमध्ये उभी असलेली, सात हजार वर्षांहून जुनी शिळावर्तुळे या कार्यक्रमात बसतच नाहीत. म्हणून हा लेख एका मुक्कामाचा, म्हणजे एकूण दीड दिवसाचा, आराखडा मांडतो. त्याहून जास्त वेळ असेल तर उत्तमच. पण त्याहून कमी वेळ असेल तर एव्होराऐवजी लिस्बनमध्येच एक दिवस वाढवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहराची थोडी ओळख आधी करून घ्यावी, कारण पुढची सगळी आखणी तिच्यावर अवलंबून आहे. लिस्बनच्या पूर्वेला सुमारे १३० किलोमीटरवर, आलेंतेजू या विस्तीर्ण, कोरड्या, गहू-ऑलिव्ह-कॉर्कच्या प्रदेशात एका टेकाडावर एव्होरा वसले आहे. रोमनांनी इथे मंदिर आणि स्नानगृहे बांधली, पुढे हे शहर मुस्लिम सत्तेखाली होते, ११६५ मध्ये जिराल्दो नावाच्या धाडसी सरदाराने ते जिंकले, आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोर्तुगालचे राजे इथे वारंवार दरबार भरवू लागले. तटबंदीच्या आतला हा सारा भाग १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. २०२७ साठी एव्होराची निवड युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून झाली आहे. त्या वर्षी जायचे असेल तर राहण्याची सोय नेहमीपेक्षा बरीच आधी करून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

कधी जावे आणि कोणत्या वारी

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंतचा काळ आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ हे दोन हंगाम सर्वांत चांगले. एप्रिल-मे महिन्यांत आलेंतेजूची माळराने हिरवी असतात आणि रानफुलांनी भरलेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पारा चाळिशीच्या पार जाऊ शकतो. विदर्भाचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला त्याचे नवल वाटणार नाही, पण सुट्टीत पैसे खर्चून तो पुन्हा अनुभवण्यात अर्थ नाही. नाइलाजाने त्याच महिन्यांत जावे लागले तर दुपारी एक ते पाच हा वेळ छपराखाली घालवण्याची तयारी ठेवावी. हिवाळा सौम्य असला तरी ओला आणि बोचरा असतो, आणि जुन्या दगडी घरांतून केलेल्या निवासांत खोली उबदार ठेवण्याची सोय आहे की नाही हे आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे. जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास साओ जुआंवची मोठी जत्रा भरते. जत्रा पाहायची हौस असेल तर त्यासाठीच जावे, शांतता हवी असेल तर तो आठवडा टाळावा.

वार निवडणे हे ऋतू निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. सोमवारी राष्ट्रीय संग्रहालय बंद असते. नगरपालिकेच्या इमारतीतील रोमन स्नानगृह कार्यालयाच्या दिवशीच पाहता येते, आणि विद्यापीठाचे वर्ग पाहायलाही कामाचा दिवस सोयीचा. रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना मनसोक्त फिरता येत नाही. हे सगळे जमेस धरले तर मंगळवारी दुपारी पोहोचून बुधवारी संध्याकाळी निघणे, किंवा बुधवार-गुरुवार अथवा गुरुवार-शुक्रवार ही जोडी घेणे, हा सर्वांत निर्वेध मार्ग ठरतो. शनिवार-रविवार लिस्बनसाठी ठेवावेत.

व्हिसा आणि कागदपत्रे

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीच्या वेळाच लवकर मिळत नाहीत, त्यामुळे दोन-तीन महिने हाताशी ठेवूनच सुरुवात करावी. पोर्तुगालसाठीचे अर्ज व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रांत स्वीकारले जातात. प्रौढांसाठी व्हिसाशुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, आणि केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा आवश्यक असतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि शेंगेन प्रदेशातून बाहेर पडण्याच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. मागील ५९ महिन्यांत शेंगेन अर्जासाठी बोटांचे ठसे दिले असतील तर ते सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत; त्यासाठी जुन्या व्हिसाची प्रत अर्जासोबत जोडावी.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हा प्रश्न अनेकांना अडवतो. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार तिथे अर्ज करावा. रात्री समसमान असतील तर ज्या देशातून शेंगेनमध्ये पहिले पाऊल टाकणार तिथे. पोर्तुगाल आणि स्पेन एकत्र करणाऱ्यांनी ही मोजदाद विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी करावी. शिवाय अर्जासोबतच्या दिनक्रमात सगळ्या रात्री लिस्बनच्या दाखवून नंतर एव्होराची रात्र घुसवू नये. सुरुवातीपासूनच ती रात्र दाखवावी आणि तिचे आरक्षण रद्द करता येण्याजोगे ठेवावे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमेवर शिक्क्याऐवजी छायाचित्र व बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला त्यामुळे वेळ लागू शकतो, म्हणून फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलणार असाल तर दोन विमानांमध्ये ऐसपैस अंतर ठेवावे. दुबईमार्गे गेल्यास हे सोपस्कार थेट लिस्बनला होतात.

लिस्बनहून एव्होराला

रेल्वे आणि बस या दोन्हींना साधारण दीड तास लागतो आणि दोन्हींचे भाडे सर्वसाधारणपणे दहा ते पंधरा युरोंच्या आसपास असते. फरक आहे तो फेऱ्यांच्या संख्येत. रेल्वेगाड्या दिवसाला मोजक्याच असतात, बसगाड्या मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत सुटत राहतात.

रेल्वे लिस्बनच्या ओरिएंते स्थानकातून निघते आणि एंत्रेकांपोस व सेते रिओस या स्थानकांवर थांबते. विमानतळावरून थेट एव्होराला जायचे असेल तर मेट्रोच्या लाल मार्गावर ओरिएंते हे अवघे तिसरे स्थानक आहे, ही गोष्ट फार सोयीची. गाडी तेजू नदीवरील २५ एप्रिल पुलाच्या खालच्या मजल्यावरून जाते. गाडीच्या दिशेने तोंड करून बसल्यास डाव्या हाताला लिस्बन आणि नदीचे रुंद पात्र, तर उजव्या हाताला बेलेंची बाजू आणि समुद्राकडचे मुख दिसते, तेव्हा पहिली काही मिनिटे मोबाइल बाजूला ठेवावा. पोर्तुगालच्या रेल्वेचे तिकीट तिच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आधी काढल्यास सवलतीचे दर मिळू शकतात. ज्येष्ठ नागरिकांसाठी, म्हणजे ६५ वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी, अर्धे तिकीट असते आणि ते परदेशी प्रवाशांनाही लागू होते. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ बाळगावा. पोर्तुगालमध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांचे संप अधूनमधून होत असतात, आणि ते आधी जाहीर होतात. ‘ग्रेव्ह’ हा शब्द बातम्यांत किंवा स्थानकावरच्या फलकावर दिसला की वेळ न दवडता बसचे तिकीट काढावे.

बस सेते रिओसच्या स्थानकातून निघते. तिथे जाण्यासाठी मेट्रोच्या निळ्या मार्गावरचे जार्दिं झूलॉजिकू हे स्थानक. विमानतळावरून येताना लाल मार्गाने साओ सेबास्तियांवपर्यंत जाऊन तिथे निळा मार्ग पकडावा. एव्होराचे बसस्थानक तटबंदीच्या पश्चिमेला, वेशीपासून चालत दहा-एक मिनिटांवर आहे. रेल्वेस्थानक दक्षिणेला, शहराच्या मध्यापासून सुमारे दीड किलोमीटरवर. त्याच्या भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशीचित्रांसाठी दोन मिनिटे थांबायला हरकत नाही.

मोटार भाड्याने घेण्याचा विचार असेल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा, महामार्गावर टोल आहे हे लक्षात ठेवावे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे गाडी तटबंदीच्या आत नेऊ नये. आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की आरसे मिटूनही भिंत घासते. दक्षिणेच्या रोस्सिओ मैदानाजवळ आणि तटाच्या बाहेरच्या कडेने गाड्या उभ्या करण्याच्या जागा आहेत. तिथून आत चालतच जावे.

राहण्याची जागा निवडताना

मुक्काम तटबंदीच्या आतच करावा. जुने शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांत पायी ओलांडता येते, त्यामुळे आतल्या आत कुठेही राहिले तरी सोयीचेच. सहलीच्या बसगाड्या गेल्यावर या गल्ल्या जशा रिकाम्या होतात त्याचा लाभ आत राहणाऱ्यालाच मिळतो. आरक्षण करण्यापूर्वी लिफ्ट आहे का हे पाहावे. चुन्याने रंगवलेल्या दुमजली घरांतून केलेल्या अनेक निवासांत चढे, अरुंद जिने असतात, आणि सोबत वडीलधारी मंडळी असतील तर तळमजल्याची खोली मागून घ्यावी. खर्चाची फिकीर नसेल तर रोमन मंदिराशेजारच्या लोइओस मठाचे हॉटेलात रूपांतर झालेले आहे, जिथे साधूंच्या जुन्या कोठड्यांच्या खोल्या केल्या आहेत. चाकांच्या बॅगा घडीव दगडांच्या फरसबंदीवर खडखडतात आणि अडतात, त्यामुळे मोठे सामान लिस्बनच्या हॉटेलात किंवा स्थानकावरच्या कपाटांत ठेवून पाठीवरच्या एका पिशवीनिशी येणे चांगले. हीच फरसबंदी पावसात निसरडी होते. गुळगुळीत तळव्याच्या चपला-सँडल इथे धोक्याच्या.

पहिला दिवस : दुपारपासून रात्रीपर्यंत

बारा-साडेबाराला पोहोचून सामान ठेवावे आणि आधी जेवून घ्यावे, कारण उपाहारगृहांची स्वयंपाकघरे दुपारी अडीच-तीनला बंद होतात ती थेट संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. मधल्या वेळी कॅफेतल्या बेकरीच्या पदार्थांवर भागवावे लागते.

जेवणानंतर प्रासा दो जिराल्दो हा मुख्य चौक गाठावा. कमानींच्या सावलीतून चालताना मधल्या संगमरवरी कारंज्याकडे पाहावे. ते १५७१ चे आहे आणि त्याला असलेल्या आठ तोट्या चौकात येऊन मिळणाऱ्या आठ रस्त्यांसाठी आहेत असे सांगतात. याच चौकात १४८३ मध्ये राजा दुसरा जुआंव याने ब्रागांसाच्या ड्यूकचा शिरच्छेद करवला, आणि पुढे इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायासनाच्या, शिक्षांचे जाहीर सोहळेही इथेच झाले. एव्होराचे न्यायासन १५३६ चे. गोव्यात तशाच न्यायासनाची स्थापना १५६० मध्ये झाली. गोव्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मंदिराजवळची इन्क्विझिशनची जुनी वास्तूही बाहेरून पाहून घ्यावी. तिथे आता कलाकेंद्र आहे. चौकाच्या पश्चिमेच्या गल्ल्यांत ज्यूंची वस्ती होती, आणि काही दारांच्या गॉथिक चौकटी अजून तशाच आहेत.

चौकाजवळच सेर्तोरिओ चौकात नगरपालिकेची इमारत आहे. आत शिरून, कचेरीत कामासाठी आलेल्या लोकांच्या बाजूने मागे गेले की १९८७ मध्ये सापडलेले रोमन स्नानगृह दिसते. वाफेच्या स्नानाचे गोल दालन साधारण नऊ मीटर व्यासाचे आहे. दहा मिनिटांचे काम, पण बहुतेक प्रवासी हे चुकवतात.

दुपारच्या उन्हाची वेळ राष्ट्रीय संग्रहालयात घालवावी आणि चारच्या सुमारास साओ फ्रान्सिस्को चर्चकडे उतरावे. हाडांचे चॅपेल, म्हणजे ‘कापेला दोस ओसोस’, याच चर्चला लागून आहे आणि लिस्बनच्या बसगाड्या परतीच्या वाटेला लागल्यानंतर ते पाहणे सर्वांत निवांत असते. प्रवेशद्वारावरच्या ओळीचा अर्थ असा : आम्ही इथली हाडे तुमच्या हाडांची वाट पाहत आहोत. फ्रान्सिस्कन साधूंनी भोवतालच्या दफनभूमींतून उकरलेल्या सुमारे पाच हजार माणसांच्या अस्थी आणि कवट्या चुन्यात बसवून भिंती आणि खांब मढवले आहेत. भयाचा देखावा उभा करणे हा त्यांचा हेतू नव्हता. नश्वरतेवर चिंतन करण्यासाठी केलेली ती जागा आहे, म्हणून आवाज आणि सेल्फी दोन्ही आवरते ठेवावेत. लहान मुलांना आत न्यायचे की नाही हे पालकांनी आपापल्या मुलाचा स्वभाव पाहून ठरवावे. तिकिटात वरच्या मजल्यावरचा येशूजन्माच्या देखाव्यांचा संग्रह पाहणेही समाविष्ट असते, आणि मुलांना तोच जास्त आवडतो.

संध्याकाळी जलवाहिनीकडे जावे. ‘आग्वा दे प्राता’ ही जलवाहिनी १५३७ मध्ये पूर्ण झाली. लिस्बनचा बेलें बुरूज बांधणाऱ्या फ्रान्सिस्को दे अरुदानेच ती रचली आणि सुमारे १८ किलोमीटरवरून ती शहरात पाणी आणीत असे. रुआ दो कानो या रस्त्यावर तिच्या कमानी शहरात उतरतात आणि उंची कमी कमी होत जाते. त्या कमानींच्या पोकळ्यांत लोकांनी घरे बांधली आहेत, जिथे दगडी कमान हीच दर्शनी भिंत आणि तिच्यात बसवलेले दार, खिडकी, कुंडी, वाळत घातलेले कपडे. प्रवेशशुल्क नसलेल्या ठिकाणांत माझ्या मते एव्होरातले हे सर्वांत देखणे.

रात्री जेवणानंतर रोमन मंदिर. ते उघड्यावरच असल्याने वेळेचे बंधन नाही, आणि दिव्यांच्या प्रकाशात ग्रॅनाइटच्या चौदा खांबांवरची संगमरवरी कोरीव शीर्षे स्पष्ट दिसतात. लोक त्याला ‘डायनाचे मंदिर’ म्हणतात, पण अभ्यासकांच्या मते ते पहिल्या शतकात सम्राटपूजेसाठी बांधले गेले असावे. मध्ययुगात खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंतींनी बुजवल्या गेल्या आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत इथे चक्क खाटीकखाना होता. त्या भिंतींमुळेच खांब उभे राहिले.

दुसरा दिवस : सकाळी माळावर, मग शहरात

आल्मेंद्रेस शिळावर्तुळ शहराच्या पश्चिमेला साधारण १५ किलोमीटरवर, ग्वादालुपे गावाच्या पुढे आहे, आणि शेवटचे काही किलोमीटर मातीच्या रस्त्याचे आहेत. सार्वजनिक वाहन तिथपर्यंत जात नाही. टॅक्सीने जायचे असेल तर आदल्या दिवशीच हॉटेलमार्फत जाणे, तिथे पाऊण तास थांबणे आणि परत येणे असा एकूण दर ठरवून घ्यावा. रिकामी टॅक्सी तिथे मिळत नाही. तिघे-चौघे असतील तर हा खर्च सहज परवडतो. एकट्या प्रवाशाने स्थानिक मार्गदर्शकाची अर्ध्या दिवसाची छोटी सहल घ्यावी. सकाळी आठला निघणे उत्तम : ऊन कोवळे असते, आणि तिरप्या प्रकाशात दगडांवरची कोरीव वर्तुळे व खळगे उठून दिसतात, भर दुपारी तेच दगड सपाट वाटतात.

पूर्वेकडे उतरणाऱ्या टेकाडावर सुमारे ९५ शिळा लंबवर्तुळाकार रचनेत उभ्या आहेत. त्यांची सुरुवात इसवी सनपूर्व सहाव्या सहस्रकातली मानली जाते, म्हणजे इंग्लंडच्या स्टोनहेंजपेक्षा त्या कितीतरी जुन्या. इतक्या जुन्या असूनही त्यांच्याकडे संशोधकांचे लक्ष गेले ते १९६४ मध्ये. तिथे फाटक नाही, तिकीट नाही, पाण्याची किंवा स्वच्छतागृहाची सोयही नाही, तेव्हा पाण्याची बाटली आणि टोपी सोबत असावी. दगडांवर चढू नये, हे सांगावे लागते ही खेदाची गोष्ट आहे. स्वतःची गाडी असेल तर वाल्व्हेर्देजवळचे झांबुजेइरोचे प्रचंड शिलागृहही त्याच फेरीत पाहता येते. टॅक्सीने मुद्दाम वाट वाकडी करण्याइतके मात्र ते नाही.

जाता-येता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉर्क-ओकची झाडे लागतील. टॅक्सी एखाद्या झाडाजवळ थांबवायला सांगावी. खोडाचा खालचा भाग तांबूस-तपकिरी, वरचा जाड, भेगाळलेला राखाडी. आणि सोललेल्या भागावर पांढऱ्या रंगात एक आकडा. तो आकडा म्हणजे साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक. ‘४’ असेल तर साल २०२४ मध्ये निघाली आणि पुन्हा २०३३ च्या आधी निघणार नाही, कारण दोन सोलणींमध्ये किमान नऊ वर्षे जाऊ द्यावी लागतात. झाड लावल्यापासून पहिली सोलणी होईपर्यंत सुमारे पंचवीस वर्षे जातात, आणि पहिल्या दोन सोलणींचे कॉर्क बुचांच्या लायकीचे नसते. शहरातल्या दुकानांत कॉर्कच्या पर्सेस आणि टोप्यांच्या किमती पाहताना हा हिशेब आठवावा.

साडेदहाच्या सुमारास शहरात परतल्यावर कॅथेड्रल, म्हणजे ‘से’, पाहावे. जुन्या गोव्यातले ‘से’ पाहिलेल्या वाचकाला नाव ओळखीचे वाटेल, पण हे ‘से’ त्याच्याहून सुमारे चार शतके आधीचे आहे. ११८६ मध्ये सुरू झालेली ही वास्तू ग्रॅनाइटची, किल्ल्यासारखी, आणि तिचे दोन मनोरे एकमेकांशी न जुळणारे आहेत. दर्शनी दाराच्या दोन्ही बाजूंचे चौदाव्या शतकातले प्रेषितांचे पुतळे थांबून पाहावेत. तिकीट घेताना गच्चीचा समावेश असलेलेच घ्यावे. जिना गोल आणि अरुंद आहे, गुडघेदुखी असणाऱ्यांनी तो टाळावा, पण वरून शहराभोवतीची सारी माळराने दिसतात. आतला सोळाव्या शतकातला ऑर्गन १५८४ मध्ये एका विलक्षण मंडळाने वाजवलेला आहे : रोमला पोपच्या भेटीसाठी निघालेले जपानी किशोर, जे मकाव आणि गोव्याच्या वाटेने पोर्तुगालला पोहोचले होते.

कॅथेड्रलच्या मागच्या बाजूने उतरून विद्यापीठात जावे. कार्डिनल हेन्रिकने १५५९ मध्ये जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या हाती सोपवलेले हे विद्यापीठ दोनशे वर्षांनी, १७५९ मध्ये, पोर्तुगालचा मंत्री मार्क्विस पोंबाल याने जेझुइटांना हाकलले तेव्हा बंद पडले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाले. थोडे शुल्क भरून आतले चौकोनी अंगण आणि वर्ग पाहता येतात. ज्या विषयाचा वर्ग, त्या विषयाची चित्रे त्याच्या भिंतींवरच्या फरशांत आहेत. एका वर्गात ॲरिस्टॉटल अलेक्झांडरला शिकवताना दिसतो. त्याच चित्रांखाली आजही बाके मांडलेली असतात आणि तास चालू असतात, म्हणून दार लोटण्यापूर्वी आत कोणी आहे का ते पाहावे.

रोमन मंदिराच्या चौकातली सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत प्रवासी सहसा लक्षातही घेत नाहीत. कोकणी-मराठीच्या अभ्यासकांनी मात्र ती नजरेआड करू नये. १८०५ मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयाचा एक ग्रंथपाल होता जुआकिं एलिओदोरो द कुन्य रिव्हारा, जन्म जवळच्याच आरायोलोस गावचा. त्याने केलेल्या इथल्या हस्तलिखितांच्या सूचीचा १८५० मध्ये निघालेला पहिला खंड अमेरिका, आफ्रिका आणि आशियासंबंधीच्या कागदपत्रांचा आहे. १८५५ मध्ये रिव्हारा गव्हर्नर जनरलचा चिटणीस म्हणून गोव्यात आला आणि तिथे त्याने फादर स्टीफन्सचे कोकणी व्याकरण पुन्हा छापून काढले, शिवाय कोकणी भाषेचा इतिहास सांगणारा दीर्घ निबंध लिहून तिची कड घेतली, तीही सुशिक्षित वर्ग त्या भाषेकडे हिणकस म्हणून पाहत होता अशा काळात. उत्तरायुष्यात तो एव्होराला परतला आणि १८७९ मध्ये इथेच वारला.

खाणे, विशेषतः शाकाहारी मंडळींचे

आलेंतेजूचा स्वयंपाक पाव, ऑलिव्ह तेल, लसूण आणि कोथिंबीर यांवर उभा आहे, आणि ओल्या कोथिंबिरीचा एवढा सढळ वापर युरोपात क्वचितच दिसतो. त्यामुळे चव परकी वाटत नाही. अडचण डुकराच्या मांसाची आणि सुक्या कॉड माशाची आहे, कारण ती दोन्ही न सांगता पदार्थात असतात. ‘आसोर्दा’ म्हणजे कुटलेली लसूण-कोथिंबीर, तेल, मीठ, गरम पाणी, त्यात पावाचे तुकडे आणि वर पाण्यात शिजवलेले अंडे. ऐकायला शाकाहारी, पण ते गरम पाणी बऱ्याचदा कॉड उकळलेलेच असते. ‘मिगास’ हा परतलेल्या पावाचा पदार्थ पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत होतो. म्हणून ‘सें कार्न, सें पेइश’, म्हणजे मांस नको, मासा नको, एवढे सांगून न थांबता रस्सा कशाचा आहे हेही विचारावे. हंगामात ‘बेल्द्रुएगास’चे सूप मिळाले तर अवश्य घ्यावे : ती आपली घोळाची भाजी असते, सोबत चीज आणि अंडे. इथले एव्होरा चीज मेंढीच्या दुधाचे असते आणि ते विरजायला रानटी आर्टिचोकचे फूल वापरतात, प्राण्याच्या जठरातले रेनेट नव्हे, त्यामुळे चीजच्या बाबतीत काटेकोर असणाऱ्यांनाही ते चालते. अंडेसुद्धा न खाणाऱ्यांनी आणि जैन प्रवाशांनी मात्र फळे, सुकामेवा, पाव आणि घरून आणलेले कोरडे पदार्थ हाताशी ठेवावेत. बाजारपेठेची मंडई साओ फ्रान्सिस्को चर्चसमोरच आहे. गोडात ‘सेरिकाया’ हे दालचिनी भुरभुरलेले, अंड्या-दुधाचे पक्वान्न एल्व्हासच्या मुरवलेल्या आलुबुखारासोबत देतात.

टेबलावर बसताच न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीजची छोटी चकती येते. ती फुकट नसते. जे खाल त्याचे पैसे बिलात लागतात, आणि नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगितले तर कोणाला वाईट वाटत नाही. ताटे मोठी असतात. ‘मेया दोझ’ म्हणजे अर्धे ताट एका माणसाला पुरते.

पैसे आणि बाकीचे

रोख रकमेसाठी ‘मुल्तिबांको’ असे लिहिलेली यंत्रे वापरावीत, आणि कोणत्याही यंत्राने रुपयांत रक्कम कापण्याचा पर्याय दाखवला तर तो नाकारून युरोच निवडावा, नाहीतर दर वाईट मिळतो. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. विजेच्या खाचा दोन गोल पिनांच्या असतात. आपले तीन पिनांचे प्लग चालत नाहीत. आपत्कालीन क्रमांक ११२.

परतीचे वेळापत्रक

दुसऱ्या दिवशी जेवण दीडपर्यंत उरकले तर निघण्यापूर्वी लोइओस चर्चमधली १७११ ची निळी फरशीचित्रे पाहायला वेळ मिळतो. रेल्वेने जाणाऱ्यांनी संध्याकाळची शेवटची गाडी हा पर्याय म्हणून न धरता तिच्या आधीची धरावी. ती चुकली तर शेवटची उरते, तीही चुकली तर बस. त्याच रात्री लिस्बनहून विमान असेल तर मात्र दुपारीच निघावे आणि लोइओस सोडून द्यावे. ज्यांच्याकडे आणखी अर्धा दिवस आणि गाडी आहे त्यांनी उत्तरेला बावीस-तेवीस किलोमीटरवरचे आरायोलोस गाठावे : वर्तुळाकार तटाचा किल्ला, खाली पांढऱ्या-निळ्या घरांचे गाव आणि लोकरीच्या भरतकामाचे प्रसिद्ध गालिचे, ज्यांच्या जुन्या नक्षीवर इराणी आणि भारतीय गालिचांची छाप आहे. दुकाने दुपारच्या जेवणासाठी बंद होतात, म्हणून तिथे एकतर साडेबाराच्या आत पोहोचावे, नाहीतर तीननंतर.